सैल झाकण

४ सप्टेंबर

पुन्हा तेच! सहा तास ढवळलं आणि माल अर्धा कच्चा. साहेब म्हणाले, "आता कुणावर ढकलणार?" हसून म्हणाले, पण लागलं. आठ महिन्यांपूर्वी अशीच बॅच फसली तेव्हा सगळ्या लॅबसमोर मी धाकटीवर खेकसले होते — "साधं वजन करता येत नाही?" माझी सख्खी बहीण, कामालाही माझ्याच हाताखाली. ती एक शब्द बोलली नाही. महिन्याभरात दुसऱ्या गावी नोकरी धरली. तेव्हापासून अबोला.

५ सप्टेंबर

तिची कंडिशनरची बाटली अजून बाथरूममध्येच आहे. तळाशी बोटभर उरलंय. वापरवत नाही, फेकवत नाही. ती म्हणायची, "ताई, ही आपल्या टीबीएबीची चुलतबहीण गं!" खरंच, घराणं एकच — चतुष्क अमोनियमचे क्षार. कंडिशनरमधला केसांना चिकटतो, फरशीच्या औषधातला जंतू मारतो. आमचं लॅबमधलं पांढरं मीठ, टीबीएबी, मात्र मध्यस्थ. फ्लास्कमध्ये खाली कोरडी भुकटी, वर तेलकट द्रावण — दोघांचं जमेल तर शपथ! हे चिमूटभर टाकलं की भुकटीतलं हवं ते उचलून वर पोचवतं, परत खाली येतं. स्वतः खर्ची पडत नाही. धाकटी त्याला "लग्न जमवणारी मावशी" म्हणायची.

आईला विचारलं, ती कशी आहे? "तुला तोंड नाही का? तूच विचार."

७ सप्टेंबर

फार आठवण येते तिची.

८ सप्टेंबर

लॅबमध्ये टीबीएबीच्या बाटलीत चमचा घातला तर ढेकळं! हे मीठ हवेतलं पाणी पितं, आणि आमच्या या कामात पाण्याचा थेंब चालत नाही. दहा ग्रॅम व्हॅक्यूममध्ये वाळवलं — उरलं साडेआठ.

झाकण नुसतं वर टेकवलेलं. ही माझीच खोड. एका हातात चमचा, दुसऱ्यानं झाकण ठेवायचं, फिरवायचं राहून जातं. इतकी वर्षं माझ्यामागून येऊन ते घट्ट कोण करत होतं?

जुनी नोंदवही काढली. त्या बॅचच्या आधी तीन दिवस धाकटी तापानं घरी होती. बाटली मी एकटीच वापरत होते. चौथ्या दिवशी ती आली आणि त्यातूनच मोजलं. वजन बरोबर होतं गं तिचं! करणी माझी आणि खापर तिच्या डोक्यावर.

९ सप्टेंबर

वाळवलेलं मीठ घेऊन बॅच लावली. चार तासांत पूर्ण. साहेबांना सांगितलं, मागची चूकही माझीच होती. म्हणाले, "झालं गेलं, सोडून द्या."

कसं सोडू? तीनदा तिचा नंबर काढला. तीनदा फोन खाली ठेवला. काय म्हणू तिला? आठ महिन्यांनी मला शोध लागला म्हणून?

१० सप्टेंबर

लावला फोन. सगळं एका दमात सांगून टाकलं. ती म्हणाली, "मला त्याच दिवशी दिसलं होतं झाकण, ताई. सगळ्यांसमोर तुझं नाव कसं घेणार होते मी?"