त्या हिवाळ्यातलं दूध

१४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिते. थंडी लवकर पडली. जिन्यातला दिवा अखेर दुरुस्त झाला. खालच्या शिंपीणबाई विचारत होत्या, तू अजून त्याच बेकरीत आहेस का. फोनवर आईचं नाव काढलं की नेमकं तुझं गॅसवर काहीतरी उतू जातं, म्हणून हे पत्र.

माझं काम तेच, जुने दात. यंदा एका विसरलेल्या दफनभूमीतले आलेत, पुष्कळसे लहान मुलांचे. दात धुवायचा, मुळाची चिमूटभर पूड करायची आणि त्या मुलाला मोठेपणी दूध पचलं असतं का ते बघायचं. अंगावर पिताना बहुतेक सगळ्यांनाच पचतं. ते सुटलं की पुष्कळांच्या आतड्यातला दूध पचवणारा रस हळूहळू आटतो. काहींच्या जनुकांत एका अक्षराचा फरक असतो, त्यांचा तो जन्मभर टिकतो. आई किंवा वडील, एकाकडून आला तरी पुरतो.

असे लोक पूर्वी अगदी थोडे होते. काही मुलखांत आता बहुतेक सगळेच तसे. कसे झाले, यावर आमच्यात वाद आहेत. एरवी दूध न पचणाऱ्याचं फार बिघडत नाही, पोट फुगतं, इतकंच. पण उपासमारीत, आधीच जुलाब लागलेले असताना तो दूध प्यायला, तर अंगातलं पाणी निघून जातं. तसे मरत गेले आणि दुसरे उरले, असं काहींचं म्हणणं. आमच्या मॅडम हे सांगत होत्या आणि मला समोर तुझ्या पाठचा गुंड्या दिसला.

मी त्याला पाहिलेलं नाही, मान्य. तो गेल्यानंतर वर्षाने मी झाले. पण या घरात त्याच्याइतकं दुसरं कोण राहिलंय? आई अजून जेवताना शेजारची जागा सोडून बसते. शहराची नाकेबंदी होती तो हिवाळा, मदतीच्या गाडीतून फक्त लहानग्यांसाठी येणारी दूधपावडर, चार वर्षांचा गुंड्या, त्याचे जुलाब, आणि त्याच्या पेल्यातलं तू चोरून प्यायलेलं दूध. एवढं मला ठाऊक होतं. पुढचं कुणी बोलायचं नाही.

मी माझी आणि आईची थुंकी तपासली. माझ्यात तो फरक आहे, बाबांचा. आईत नाही. त्याच्यात होता का, ते आता कळायचं नाही. शिवाय चार वर्षांचं पोर, उपाशी, जुलाबांनी आतडी सोललेली; अशा आतड्यांना तो फरक असूनही दूध सोसत नाही. दुधानेच गेला असं मी छातीठोक सांगणार नाही. पण दूध कमी पडल्याने गेला नाही, हे नक्की.

हे मी आईला सांगितलं. तुझ्यासाठीच सांगितलं, ताई.

ती मटार सोलत होती. सोलणं थांबलं नाही. म्हणाली, "प्यायला की त्याचं पोट गुडगुडायचं. गुंड्याच्या पोटात आगगाडी आली म्हणून आम्ही हसायचो. मग जुलाब वाढले, तसं मी दूध वाढवलं. तो नको म्हणायचा. मी नाक दाबून पाजायचे."

"तुला कसं कळणार होतं?"

"तिला तरी कुठे कळत होतं? नऊ वर्षांची होती. दोन घोट प्यायली. त्याला उचलून नेलं तेव्हा मी सगळ्यांदेखत तिला म्हटलं, तू खाल्लंस त्याला."

हे शब्द मी पहिल्यांदा ऐकले. तू माझ्या बाटलीला कधी हात लावला नाहीस, अठरा पूर्ण होताच निघून गेलीस, आणि इतकी वर्षं मी समजत होते की तुला मी आवडत नाही.

इथे थांबता आलं असतं. पण दुसऱ्या दिवशी आईने पेलाभर दूध मागितलं. चहातल्या चमचाभर दुधापलीकडे कधी न घेणारी ती. सगळं प्यायली आणि पोट धरून भिंतीला टेकून बसली. मला वाटलं, लहर असेल. आता रोज पिते. मी आणणं बंद केलं, तर शिंपीणबाईंकडून मागून आणते. का, विचारलं तर म्हणते, "त्याला काय होत होतं ते बघते."

दुसरं धड काही खात नाही, जुलाब लागतात, दोनदा सलाईन लावलं. डॉक्टर म्हणतात, या वयात मूत्रपिंडं सोसणार नाहीत. माझं ती ऐकत नाही. मी सांगायलाच नको होतं का, हे तुझ्याशिवाय कुणाला विचारू?

काल मी खोटं बोलले. तू निघाली आहेस म्हणाले. ती उठून बसली. "तिला पाठीखाली मऊ लागतं," म्हणाली आणि भिंत धरून तुझी गादी झटकायला गेली. निम्म्यात दमली. उरलेली मी झटकली. आज तिने दूध मागितलं नाही.

तुझी गाडी किती वाजता पोचते, ते सकाळपासून विचारते आहे. मी काय सांगू ते कळव.

तुझी, आणि आज तिच्याही वतीने,
धाकटी