दोन फुटांचा समुद्र

नाशिक
६ ऑगस्ट २०००

ती. रंगूआत्याला हिरामणचा सा. न. वि. वि.

आमच्या घरात समुद्र आणलाय म्हणतात ते खरं का, असं तू विचारलंस. खरं आहे. पण ज्याने कोणी तुला हे सांगितलं त्याने हसत सांगितलं असणार, म्हणून मी सगळं नीट लिहितो.

काचेची टाकी आहे. दोन फूट लांब, सव्वा फूट उंच. समुद्राचं पाणी आणलेलं नाही, ते मी घरीच करतो. फिल्टरचं पाणी घ्यायचं आणि त्यात मुंबईहून मागवलेलं खास मीठ मोजून विरघळवायचं. स्वयंपाकाचं मीठ चालत नाही, हे या घरात मी अकरा वेळा सांगितलं आहे. खारेपणा मोजायला प्लास्टिकची एक डबी मिळते, तिच्यात काटा असतो. तो काटा हिरव्या पट्ट्यात आला की पाणी बरोबर.

मग टाकीत समुद्रातले दगड ठेवले, मोटर लावून पाणी फिरवत ठेवलं, आणि सहा आठवडे एकही मासा सोडला नाही. दगडावर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते वाढले की माशांची घाण तेच संपवतात. त्याआधी मासे सोडले तर मरतात. पण हे ऐकून घ्यायला वेळ कोणाला आहे? फुलबाजारातून घरी येणाऱ्या प्रत्येकाला बाबा सांगायचे की आमचे चिरंजीव रिकामं पाणी राखत बसलेत. शेजारच्या धोंडाबाईंनी मला विचारलं, की मासे लाजाळू आहेत का. मी दहावी नापास आहे, आयटीआय अर्धवट सोडलं, हे मला माहीत आहे. ते रोज जेवणाआधी ऐकवायलाच हवं का?

आता टाकीत दोन नारंगी मासे आहेत, अंगावर पांढरे पट्टे. एक समुद्रफूल आहे, ते फूल नाही, प्राणी आहे. मासे त्याच्या पाकळ्यांत झोपतात. एक लाल कोळंबी आहे, चार गोगलगायी आहेत. सगळ्यांचं रोजचं मी वहीत लिहितो.

आणि ही करमणूक नाही. कॉलेज रोडवर दातांचे एक डॉक्टर आहेत, त्यांना दवाखान्यात अशीच टाकी हवी आहे. ते दसऱ्याला घरी येऊन बघणार आहेत. माझी टाकी तोवर धडधाकट राहिली तर दवाखान्यातली टाकी मी लावायची आणि मीच सांभाळायची, आणि त्यांच्या ओळखीच्या डॉक्टरांकडेही ते माझं नाव सांगणार आहेत. नाहीतर दसऱ्यानंतर बाबा मला दिंडोरीला वहिनीच्या माहेरी पाठवणार, द्राक्षांवर फवारणी करायला. त्यांनी तसं सांगून टाकलंय.

तू राखीला येशीलच. ये आणि बघ. तू तरी हसू नकोस.

तुझी माया कमी होऊ नये,
हिरामण

---

घोटी
१० ऑगस्ट

चि. हिरामणास रंगूआत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. अक्षर लय सुरेख, एक काना इकडचा तिकडे नाय. आमच्या शाळेतल्या गुरुजींचंसुद्धा असं नव्हतं. असं अक्षर असून दहावीला कसा अडकलास कोण जाणे.

लावणी उरकली. गुडघे बोलतात, पण राखीला येते. त्या दिवशी नारळी पौर्णिमा, म्हणजे समुद्राचाच सण. बरं जमलं. तुझे मामा, म्हणजे माझे मालक, लग्न झाल्यापासून म्हणायचे की रंगू, तुला एकदा समुद्र दाखवतो. ते गेले, समुद्र राहिला. आता भाचा दाखवतोय तर का नाय बघणार?

पण एक सांग. तू तरी समुद्र पाहिलास का रे? माझ्या आठवणीत तू कसाऱ्याच्या पुढे गेलेला नाहीस.

बापाच्या बोलण्यावर चिडू नको. तो लहानपणी तीन दिवस कोंबडीच्या अंड्यावर स्वतः बसला होता, हे त्याला माझ्या नावाने विचार.

तुझी गोड आठवण काढणारी,
आत्या

---

नाशिक
१२ सप्टेंबर

ती. आत्यास सा. न. वि. वि.

माझी टाकी मेली. आणि ती मेलेली नाही, मारली आहे.

तू राखीला आलीस तेव्हा सगळं कसं होतं ते तू पाहिलंस. तू तासभर समोर बसलीस, समुद्रफूल उघडलं तेव्हा हात जोडलेस. त्यानंतर दहा दिवसांनी पहिली गोगलगाय उताणी पडली. मग उरलेल्या तिन्ही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कोळंबी गेली. समुद्रफूल आधी आक्रसलं, मग त्याचा चिकट गोळा झाला. पाणी नासू नये म्हणून मला ते हाताने काढावं लागलं. मासे मात्र जिवंत आहेत. त्या दगडाच्या कोपऱ्यात, जिथे त्यांचं घर होतं, तिथेच फिरत राहतात. ते बघवत नाही.

मी वही उघडून एकेक दिवस तपासला. खारेपणा बरोबर, उष्णता बरोबर, मोटर एकदाही बंद नाही. शेवटी ज्यांच्याकडून मीठ आणतो त्या दुकानदारांना एसटीडीवरून फोन केला. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की मासे जिवंत आहेत आणि बाकीचे मेले, असं आहे का. हो म्हटल्यावर ते म्हणाले, पाण्यात तांबं गेलंय. माशांना थोडं तांबं सोसतं, बिनकण्याच्या जिवांना कणभरही सोसत नाही.

आता मला सांग, या घरात तांब्याची कळशी कोण भरतं? साधनावहिनी. रोज सकाळी. टाकीतलं पाणी हवेत उडून थोडं कमी होतं, ते मी फिल्टरच्या पाण्याने भरतो. मी घरी नसताना पाणी कमी दिसलं म्हणून तिने कळशी ओतली असणार. दुसरं कोणी नाही. मी तसं तिला तोंडावर म्हटलं. ती म्हणाली की तिने त्या टाकीला बोटसुद्धा लावलेलं नाही, कारण बोट लावलं की मी तासभर भाषण देतो. मी म्हटलं, खोटं बोलतेस. जरा मोठ्याने म्हटलं गेलं.

ती दिंडोरीला माहेरी निघून गेली. देवरामदादा माझ्याशी बोलत नाही. बाबा म्हणतात, दोन माशांपायी घर मोडलं. आणि माझं जे मोडलं त्याचं काय? दसरा पंचवीस दिवसांवर आहे. मी काय दाखवू त्या डॉक्टरांना, दगड?

तू मोठी आहेस, वहिनी तुझं ऐकते. तिला पत्र लिहून कबूल करायला सांग. मला दुसरं काही नको.

न्याय मागणारा,
हिरामण

---

घोटी
१७ सप्टेंबर

चि. हिरामणास आशीर्वाद.

हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिते.

आधी तुला बोलायचं ते बोलते. साधना तुझ्या घरात आली तेव्हा तू चौदा वर्षांचा होतास. तुझ्या आजारपणात रात्र रात्र उशाशी कोण बसलं ते तुझ्या वहीत लिहिलेलं नसेल. तिला खोटारडी म्हणताना तुझी जीभ अडली कशी नाय?

आता माझं. मी साधनाला पत्र लिहिणार नाय, कारण तिच्याकडे कबूल करायला काही नाय. माझ्याकडे आहे.

राखीच्या दिवशी तू फिल्टरचं पाणी आणायला गेला होतास. साधना नारळीभाताला लागली होती. मी एकटीच त्या टाकीसमोर होते. आमच्याकडे नवीन पाणी पाहिलं की रिकाम्या हाताने परतत नाय, पैसा वाहायचा. वैतरणा ओलांडताना मी दर वेळी वाहते. हा तर समुद्र, आयुष्यात पहिल्यांदा पाहिलेला, आणि दिवस नारळी पौर्णिमेचा. नारळ तुझ्या टाकीत मावला नसता. स्टीलचे रुपये समुद्राला काय द्यायचे? माझ्या आईच्या चंचीतला भोकाचा पैसा मी जपून ठेवला होता, तांब्याचा. वरची काच जराशी सरकवून तो मागच्या मोठ्या दगडाआड सोडला. हात जोडून म्हटलं, या पोराच्या हातात आजवर काही टिकलं नाय, एवढं टिकू दे.

एवढंच मागितलं होतं. तुझी कोळंबी मारायची म्हणून नाय टाकला.

तुझं पत्र वाचून मी दोन दिवस भाकरी खाल्ली नाय. काय म्हणायचं ते मला म्हण. साधनाला आण.

आत्या

---

नाशिक
२० सप्टेंबर

आत्यास नमस्कार.

पैसा सापडला. मागच्या दगडाखाली, वाळूत अर्धा रुतलेला. मोरचुदासारखा हिरवा झाला आहे. छत्तीस दिवस तो पाण्यात होता. दगडांनीसुद्धा तांबं शोषलं असणार, म्हणून दगड आणि वाळू टाकून द्यावी लागेल. म्हणजे सहा महिन्यांचं काम गेलं, तेही माझ्या भल्यासाठी.

मला राग या गोष्टीचा आहे की तू विचारलं नाहीस. एका शब्दाने विचारलं असतंस, तर मी सांगितलं असतं. मला या घरात कोणी काही विचारत नाही. सगळे माझ्यासाठी परस्पर काहीतरी करून टाकतात. बाबांनी परस्पर दिंडोरी ठरवली, तू परस्पर नवस केलास.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी दिंडोरीला गेलो. वहिनीचे वडील, गोटीरामकाका, ओसरीवर बसले होते. वहिनीने मला आत येऊ दिलं नाही. म्हणाली, जितक्या मोठ्याने खोटारडी म्हटलंस तितक्याच मोठ्याने चूक कबूल कर. मी केली. बागेतले मजूर काम थांबवून बघत होते. मग तिने पिशवी भरली. एसटीत पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत होती, पण उतरताना पिशवी माझ्या हातात दिली.

मी अजून रागात आहे, हे तुला कळावं म्हणून लिहिलं.

हिरामण

---

घोटी
२६ सप्टेंबर

चि. हिरामणास,

राग पोचला. ठेवून घेतला.

विचारलं नाय ही माझी चूक, ती मी पदर पसरून कबूल करते. पण एक माझंही ऐक. टाकीवर तू बारीक अक्षरात चिठ्ठी लावली होतीस, काचेवर टकटक करू नये, खायला टाकू नये. मी चष्मा लावून सगळी वाचली. पैसा वाहू नये, असं तिथे नव्हतं. आणि तू मला दारातून हाताला धरून आणलंस ते काय म्हणत? टाकी बघ, असं म्हणाला नाहीस. आत्या, हा बघ समुद्र, असं म्हणालास. मी तुझ्या शब्दावर विश्वास ठेवला. घरात तेवढा विश्वास आणखी कोणी ठेवला होता ते सांग.

डॉक्टरांना काय सांगायचं ते तू ठरव. माझं नाव घ्यायला लाजू नको.

वाट बघणारी,
आत्या

---

नाशिक
९ ऑक्टोबर

ती. रंगूआत्याला हिरामणचा सा. न. वि. वि.

परवा दसऱ्याला डॉक्टर आले. नवीन पाणी, चार कोरे दगड आणि रोज थोडं पाणी बदलून जगवलेले दोन मासे, एवढीच टाकी होती. डॉक्टरांनी विचारलं, बाकीचे कुठे गेले. मांडणी बदलतो आहे असं सांगायचं मी रात्रभर घोकून ठेवलं होतं, खोटं न वाटेल अशा शब्दांत. पण दारात वहिनी आपट्याची पानं घेऊन उभी होती, आणि तिच्यासमोर माझ्याने खोटं बोलवेना. मी सगळं सांगितलं. तांबं, कळशी, दिंडोरी, तुझा पैसा. वहीसुद्धा दाखवली. बोलता बोलता माझा आवाज चढला, कारण मला पुन्हा राग आला.

डॉक्टर इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. वहिनीने मुद्दाम कळशीतलंच दिलं. मग ते म्हणाले, की त्यांच्या दवाखान्यात आधी गोड्या पाण्यातले मासे होते, आणि दात काढायला आलेली माणसं आत जाण्याआधी त्यात गुपचूप नाणी टाकायची. ते मासे का मरत होते ते त्यांना कधी कळलं नाही. आता तूच सांग, इथे काय करशील, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, वरून कुलूपबंद काच. बाजूला पाण्याने भरलेलं एक मातीचं घंगाळ. ज्याला काही वाहायचं असेल त्याने तिथे वाहावं, देव दोन्हीकडे ऐकतो. ही दुसरी गोष्ट मला तिथल्या तिथे सुचली. तुझ्यामुळे सुचली, हे मान्य करणं मला जड जातंय.

दिवाळीनंतर टाकी लावायची ठरली. पहिले सहा आठवडे रिकामं पाणी राहील, हे त्यांना लेखी दिलं आहे. त्यांनी आधी वाचलं आणि मग सही केली. बाबा दिंडोरीचं नाव काढत नाहीत. अंड्याबद्दल मी त्यांना विचारलं. त्यांनी वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं.

या पाकिटात तुझा पैसा आहे, कागदात गुंडाळून. चिंचेने घासला, तरी भोकाच्या कडेला हिरवं राहिलं आहे. तो कुठल्याही टाकीत टाकायचा नाही. जपून ठेव. भात झोडून झालं की इकडे ये, येताना तो घेऊन ये. इथून डहाणूची एसटी मिळते. तुला जिथे वाहायचा होता तिथेच वाहा.

तू पहिल्या पत्रात जे विचारलं होतंस त्याचं उत्तर मी मुद्दाम दिलं नव्हतं. नाही, आत्या. मीसुद्धा पाहिलेला नाही.

खारेपणा मोजायची डबी सोबत घेतो आहे. ते पाणी बरोबर आहे की नाही, ते मला एकदा बघायचंय.

थोडा राग अजून शिल्लक असलेला,
तुझा हिरामण