पिचरशी कोणी बोलायचं नाही

अझैबा, मस्कत
९ फेब्रुवारी २०१४

प्रिय विशाखा, धाकटीला थोरलीचे भरभरून आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

देवेश अजून दर शुक्रवारी बेसबॉल खेळतो; संघाचा चेंडू टाकणारा, म्हणजे पिचर, तोच. समोरच्यांना त्याचे चेंडू टोलवता येईनासे झाले की पिचरशी कोणी बोलायचं नाही, अशी त्या खेळातली समजूत. मोठमोठे इंजिनिअर तोंडाला कुलूप लावतात! गेल्या वर्षी त्याचा मित्र प्रितम मध्येच "खांदा दुखतोय का रे?" विचारून बसला आणि घरी परतताना सोहारच्या रस्त्यावर अपघातात गेला. तेव्हापासून सामन्याच्या दिवशी देवेश घरातही मुका.

परवा मी मैदानावर गेले होते. तो खांदा धरून बसलेला बघून मला राहवलं नाही. सगळ्यांदेखत म्हटलं, "पुरे हे थोतांड! दुखतोय ना खांदा?"

तो पांढराफटक पडला. "आई, तू का बोललीस?"

आता मला विमानतळापर्यंतही गाडीतून न्यायला तयार नाही. परतीचं तिकीट पुढे ढकललंय. मी चांगलं झापलं त्याला. कॉन्व्हेंटात शिकलेली बाई मी, असल्या खुळांना भीक घालत नाही.

काल सूनबाई बाजारात न्यायला गाडी घेऊन दारात आली. मीच म्हटलं, "तू हो पुढे, मी चालत येते."

सगळ्यांना सांभाळ.

तुझी,
अक्का