पळसाची फांदी आणि तुमचा अंगठा

बाबा, काल आपल्या तलावाच्या पाळीवर सभा झाली आणि मी भाषण केलं नाही. तुम्हाला खरं वाटणार नाही. लाखांदूर असो, भंडारा असो, नागपूर असो, लोक मला बोलायलाच बोलावतात. सरकारनं माणसाच्या वाटेतून बाजूला व्हावं, हे मी कित्येक वर्षं हात उंचावून सांगते आहे, आणि त्यापायी शत्रूही पुष्कळ जोडले आहेत. "हिचा आवाज माह्याच तलावावर पिकला," असं तुम्ही पाहुण्यांना सांगायचात, कारण जेवायची हाक मला पाळीवरून थेट पलीकडच्या काठाला, तुमच्या डोंग्यापर्यंत पोहोचवावी लागे.

माझ्या आठवणीत अजून मासोळ्या अंड्यावर आल्या की तुम्ही पळसाची एक हिरवी फांदी तोडता, पाळीच्या टोकाला चिखलात रोवता आणि मागं न बघता घरी येता. दवंडी नाही, दंड नाही. ती फांदी वाळून आपोआप पडेपर्यंत एकही जाळं पाण्याला लागत नाही. मी विचारते, कोणी ऐकलं नाही तर? तुम्ही ओसरीवर फाटलेलं जाळं सांधत म्हणता, "नाही आयकलं तं पुढच्या साली त्याच्याच जाळ्यात काय येईन? त्याले समजते थे." त्याच ओसरीवर, मी बारा वर्षांची असताना, शेजारचे काका तुम्हाला टोमणा मारतात, "पोरगी जाळं फेकन आता? लोकं काय म्हनतीन?" तुम्ही मान वर करत नाही. "हात तिचे हायेत. तिले इचारा, मले काहून इचारून राहिले?" आणि ते लहान फेकजाळं, ज्याला शिशाच्या गोळ्या तुम्ही माझ्या ताकदीला जमतील इतक्याच ओवल्या होत्या, माझ्या खांद्यावर टाकता. पुढं मी स्वातंत्र्यावरचे जाडजूड ग्रंथ वाचले आणि त्यांतून बरंच शिकले. पण ज्याला अडवता आलं असतं त्यानंच अडवायचं नाकारलं, हे दृश्य कोणत्याही पानावर मला इतकं स्पष्ट दिसलं नाही.

भंडाऱ्याच्या कॉलेजात दोन वर्षं काढून मी परत आले ती सगळं सुधारायच्या घाईनं. एका फांदीवर गाव चालतं याची मला लाज वाटली. सरकारी पाटी हवी, पगारी चौकीदार हवा, असा अर्ज कचेरीत गेला. त्यावर सगळ्यात वर तुमचा अंगठा होता. पाटी आली, 'मासेमारीस सक्त मनाई'. चौकीदारही आला. त्या वर्षी तुम्ही फांदी रोवली नाही, आणि चौकीदार जेवायला गेला की भर दुपारी जाळी पडू लागली. टाकणारे तेच, ज्यांनी जन्मभर फांदीचा मान राखला होता. तुम्ही ताटावर बसल्या बसल्या म्हणालात, "आंदी लोकं मासोळीचा इचार करत. आता चौकीदाराचा करतात, अन् त्याले जेवाले तं घरी जावंच लागते." मग घास मोडत, "त्या कागदावर माहा अंगठा हाय मंतेत. कवा देल्ला मी? कारकुनानंच काई केलं असन." मी खाली बघून भात कालवत राहिले.

माझी सगळी मतं त्या ताटावरून उठली, बाबा. चोर धरावा, भांडणाचा निवाडा करावा, दिलेला शब्द मोडणाऱ्याला जाब विचारावा, इतकं सरकारनं जरूर करावं. माणसानं काय पिकवावं, कुठं विकावं, कोणत्या पाण्यात उतरावं, हे त्याला वरून कोणी सांगू नये. 'वरून' म्हणजे दिल्ली-मुंबईहून, असं मी बरीच वर्षं धरून चालले होते.

आंधळगावहून लग्न होऊन आलेली एक सून आहे, माहेर विणकरांचं. मच्छी संस्थेनं तिला तलावाचा एक कोपरा शिंगाड्यासाठी रीतसर दिला, तिनं वेल लावले, ते धरलेही. आता ते उपटायला लावणारा ठराव संस्थेतल्या पोरांनी कालच्या सभेत आणला आणि मला मुद्दाम बोलावलं. "ताई, तुमी सरकार नोको मंता ना? मंग हे गावच ठरवून राहिलं. बोला जोरदार." ती सून पाळीखाली उभी होती, लुगडं गुडघ्यापर्यंत ओलं. शाईचा पॅड म्हाताऱ्या बायांमधून फिरत होता आणि कागदावर अंगठे पडत होते. तयार करून आणलेलं एकही वाक्य मला आठवेना. मी इतकंच म्हणाले, "अंगठा घ्यायच्या आधी वाचून दाखवा."

वाचावं लागलं. 'कोणत्याही स्त्रीस, तसेच बाहेरील घरच्या व्यक्तीस, तलावात उतरण्यास बंदी.' शाई लावून बसलेली एक आजी म्हणाली, "कोनत्याही मंजे? मी बी?"

"आजी, तुमाले कोन अडवते?" कागद वाचणारा पोरगा म्हणाला.

"लिवलं तं तसंच हाय ना बापू. तुह्या बापाच्या जनमाच्या आंदीपासून मी या पान्यातून कमळाच्या दांड्या काढतो."

तिनं अंगठा लुगड्याला पुसला. शेजारणीनं पुसला, तिच्या शेजारणीनंही. हशा झाला, आणि ज्यानं कागद आणला त्यानंच तो घडी करून खिशात घातला. वेल राहिले. पांगापांग होताना त्या पोरांतलाच एक मागं रेंगाळला आणि म्हणाला, "ताई, तुमचे बाबा फांदी कोनत्या झाडाची रोवत?" मी त्याला पाळीवरचा पळस दाखवला.

हे पत्र घडी करून त्या लहान जाळ्यात ठेवते आहे, तुम्ही गेल्यावर आणखी कुठं टाकणार. ती आजी अंगठा पुसत होती तेव्हा मला तुमचा दिसत होता. कारकुनानं काही केलं नव्हतं, बाबा. अर्ज माझ्या अक्षरातला होता. पाळीच्या दुरुस्तीचा आहे असं सांगून मीच तुमचा हात धरून अंगठा शाईला लावला. वाचून दाखवला नाही, कारण तुम्ही नाही म्हणाल हे मला ठाऊक होतं.