रिठीतली माणसं

बाबा, आज मला माझ्या ऑफिसची किळस आली आणि त्याहून जास्त माझी. हे सांगायला तुमच्याशिवाय कुणी सुचलं नाही. तुम्ही जाऊन किती वर्षं झाली! कोतवालाची पोरगी आता अव्वल कारकून आहे, सिंदी मेघेत तिचं दोन खोल्यांचं घर आहे. आज ऑफिसात जिल्ह्याच्या माहितीपुस्तिकेचे गठ्ठे आले. गुळगुळीत कागद, वर चरखा, आत अर्धं पान साहेबांचा फोटो. मग आठ तालुके, पश्चिमेला वर्धा नदी, उत्तरेला आष्टी-कारंजाचे डोंगर, कापूस, सोयाबीन, संत्रा, आणि लोक कष्टाळू. लोक कष्टाळू म्हणे! लिहिणाऱ्यानं खुर्चीवरून उठून एक माणूस पाहिला नाही. हे मी छातीठोक सांगते, कारण त्यातला गावांचा तक्ता मीच लिहिलाय.

तक्ता कसा लिहितात ते ऐका. मागच्या वर्षीचा काढायचा, तारीख बदलायची आणि जिथं माहीत नाही तिथं ‘निरंक’ लिहायचं, म्हणजे काहीच नाही. खालून निरंक येतं, आम्ही निरंक वर पाठवतो, वरचे सही ठोकतात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त आमचा उंट गोल फिरतो आणि त्याला चाकं आहेत. नाल्यापलीकडची ती वस्ती आठवते ना? कागदावर ती अजून रिठीच आहे, ओसाड गाव, माणूस नाही. तुमच्या काळातही रिठीच होती, पण तिथल्या घरांची यादी तुम्ही दर साली वेगळ्या कागदावर तलाठ्याला नेऊन द्यायचे. मी तीन वर्षं तिच्यापुढं ‘लोकसंख्या निरंक’ लिहून राह्यले.

तुम्हाला लिहिता येत नव्हतं म्हणून एका साली त्या यादीसाठी तुम्ही मला सोबत नेलं होतं. मी चौथीत होते. ऊन लागत होतं, कंटाळा आला, आणि अगदी टोकावरच्या झोपडीत मी गेलेच नाही. पळसाखाली बसल्या बसल्या ‘कोणी नाही’ असं लिहून टाकलं आणि तुम्हाला तसंच वाचून दाखवलं. तुम्ही मला मनगट धरून तिकडं नेता आहात, मी चपला घासत मागं चालते आहे. आत एक म्हातारी आजी आहे, गोंडाच्या घरची, कपाळावर हिरवं गोंदण. ती तुमच्या हातात पितळी लोटा देते. गावातल्या मोठ्या घरी तुमच्या ओंजळीत वरून पाणी ओतत, तेही दाराबाहेर. इथं तुम्ही घरात बसून लोट्यानं पाणी पिता आणि मग लोटा माझ्याकडं देता. बाहेर आल्यावर तुम्ही म्हणाले, “मानूस हाय ना ते? पानी पेली ना तू तिच्या हातचं? मंग काऊन नाई लिवलं? जो कागदात नाई त्याले सरकार इचारत नाई. अन् इथं सरकार म्हणजे आपनच आहो.” मी पळसाला कागद टेकवून तिचं नाव लिहिलं.

आज जेवणाच्या सुट्टीत त्या वस्तीतून एक बाई आली. दोन एसट्या बदलून. हातात अर्ज. नाल्याला पाणी चढलं की वस्ती तुटते, रपटा द्या, म्हणजे बुटका पूल, नाहीतर निदान पाइप टाकून द्या. सुनेला सातवा लागलाय, बाळंतपण ऐन पावसात येते. अशा कामांची यादी सोमवारी वर जायची आहे. शेजारच्या बाबूनं तक्ता उघडला आणि डबा खात खात म्हणाला, “बाई, हे गाव रिठी आहे. इथं कोणी राहत नाही.”

“मंग मी कोण होय, साहेब? भूत?” ती म्हणाली. “चहा सांगा एक. भूत चहा पेते का पाहून घ्या.”

सगळे हसले. मीही हसले, बाबा, पोट हलेस्तोवर. मग ती माझ्याकडं वळली. “तुमी कोतवालबाबाच्या ना? बाबा आमच्या आजीच्या लोट्यानं पानी पेत. लोटा हाय अजून घरी.” यावर मी काय बोलले असेन? “अर्ज ठेवून जा, बघतो.” बघतो! आमच्याकडं बायाही ‘बघतो’च म्हणतात. थू त्या तोंडावर! चहा राहू द्या, तिला साधं पाणी विचारलं नाही, आणि माठ माझ्या खुर्चीमागंच होता.

लोट्याचं बोलली म्हणून मी तिला ओळखलं, असंही नाही. दारात आली तेव्हाच चेहऱ्यावरून ओळखलं होतं, अगदी आजीचा साचा. अर्ज मी आवक केला नाही, नोंदवहीत चढवलाच नाही. आवक केला की उत्तर देणं आलं, आणि तीन वर्षं निरंक कोणी लिहिलं ते निघालंच समजा. रिटायर व्हायला एक वर्ष राहिलंय. म्हणून तो पर्समध्ये कोंबून घरी आणला, आणि त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर तुम्हाला हे लिहून राह्यले. हे काही टपालात जायचं नाही. पण सोमवारी अर्ज आवक केला, तर मागची बाजू साहेबाच्या टेबलावर जाते, आणि नाही केला तर ती बाई निरंक.

घरात दुसरा कागद होता, बाबा. तुमच्या पणतीची अख्खी कोरी वही समोरच पडली होती.