आजोबा नक्की गेले कशाने?

७ मार्च

नाही म्हणाली! पुन्हा!

वय चोपन्न, निम्मे केस पांढरे, आणि मी आईसमोर उभी राहून विचारतेय — पोहायला जाऊ का? गुडघ्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, पोहा, नाहीतर काठी घ्या. आई सत्त्याऐंशीची, पण आवाज अजून खणखणीत. "माझ्या वडलांना पाण्याने नेलं. तुला जायचं तर माझे डोळे मिटल्यावर जा." वर रक्तदाब. तो तिचा हुकमाचा पत्ता.

पोहण्याचा पोशाख मी आधीच आणलाय. कपाटात ब्लँकेटांच्या मागे, चोरीच्या मालासारखा.

८ मार्च

आईचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आई नऊ वर्षांची असताना गेले. कुठल्या पाण्यात? कुणी पाहिलं? — "बोलायचं नाही. आईने शपथ घातलीय." ही आई म्हणजे माझी आजी. तिला जाऊन जमाना झाला, शपथ अजून लागू!

मी विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसते. 'मृत्यूचे कारण' हा रकाना कुणी मोघम भरला की माझे हात शिवशिवतात. आणि घरचंच प्रकरण बिनतपासाचं पडून? शोभतं का हे?

आईला म्हटलं, "पुरावा आणते. पाणी निघालं तर पोशाख परत करीन. नाही निघालं तर मी पोहणार."

"आण," म्हणाली. मग जरा वेळाने — "कसला पोशाख?"

१० मार्च

मामेभावाला फोन केला. थोरल्या मामांचा मुलगा. मामा गेले, पण घरात नियम अजून त्यांचेच. "पाणी? कसलं पाणी, ताई? आजोबा शिडीवरून पडले. पाटी रंगवताना. बाबांनी मला एकदाच सांगितलं, कुणाला बोलू नकोस म्हणाले."

हा जन्मात स्टुलावरसुद्धा का चढला नाही ते आत्ता कळलं! त्यांच्याकडे दिवे वहिनी बदलतात. मागून त्यांचा आवाज — "नीट शोधा हो ताई! शिडी नसेल तर पंखे यांनाच पुसायला लावते!"

११ मार्च

धाकटे मामा. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून अख्ख्या इमारतीला कळेल अशा आवाजात विचारलं. "सायकल!" ते ओरडले. "उतारावर ब्रेक लागला नाही! आम्ही तिघं तेव्हा मावशीकडे होतो. परत आलो तर बाबा नाहीत."

मामा आयुष्यभर सगळीकडे पायी गेले. आम्ही समजत होतो, व्यायामाची आवड.

एक माणूस, तीन मरणं. कचेरीत असा दावा आला असता तर चहा पिता पिता नामंजूर केला असता. लेकीला फोनवर यातलं काही सांगत नाही. ती परगावी नोकरीला, सुट्टीत आली की सगळं मीठमसाला लावून ऐकवीन.

१४ मार्च

मामेभावाने तडजोड सुचवलीय. गंभीरपणे! "समजा ताई, आजोबा खांद्यावर शिडी घेऊन सायकलवरून चालले होते, आणि तोल जाऊन नदीत..." म्हणजे सगळ्यांचंच खरं. याला लग्नाच्या बोलणीला पाठवायला हवं.

१७ मार्च

ग्रंथालयाचं तळघर. जुनी वर्तमानपत्रं. ग्रंथपाल बाई पानापानाला शिंकतात आणि दर शिंकेला माझ्याकडे रागाने बघतात.

आजोबांच्या वर्षाचे गठ्ठे काढले. पण आजोबा राहिले बाजूला! एका गृहस्थांचा पोपट हरवलाय. 'बोलका आहे. शिव्या देतो. आणून देणाऱ्यास बक्षीस.' पुढच्या आठवड्यात पुन्हा जाहिरात, बक्षीस वाढलेलं. मान वर केली तर बाई माझ्या खांद्यावरून वाचत होत्या. "मग? सापडला का?"

२१ मार्च

अख्खं वर्ष वाचून झालं. हे वर्तमानपत्र कुणाचं गाढव खड्ड्यात पडलं तरी छापायचं. शिडीवरून पडलेला एक न्हावी आहे. बुडता बुडता वाचलेले वकील आहेत. आजोबा नाहीत! पोपट मात्र सापडला — पोलीस चौकीच्या छपरावर, फौजदाराला शिव्या देताना. बाईंनी मला चक्क टाळी दिली.

घरी येताना हसू ओसरलं. अपघातात गेलेला माणूस या पत्राच्या तावडीतून सुटणं शक्य नाही. मग? कुणी मारलं? की त्यांनीच स्वतःचं काही...? म्हणून शपथ? उगाच उकरायला गेले. तसलं काही निघालं तर आईला कुठल्या तोंडाने सांगू? पाणीच निघू दे बाई. पोशाख परत करीन.

२६ मार्च

जन्म-मृत्यू नोंदणीची कचेरी. परवा साहेब नव्हते, काल किल्ली नव्हती. आज मी माझा कचेरीतला चेहरा लावून गेले. किल्ली लगेच सापडली.

वय छत्तीस. धंदा रंगारी. मृत्यूचे कारण — विषमज्वर. ठिकाण — राहते घर.

ताप! टायफॉइड! साधा, सरळ, अंथरुणावरचा. तापाची लागण होऊ नये म्हणून तर मुलांना मावशीकडे धाडलं असणार.

जिंकले मी! पण तिथल्याच बाकावर बसले आणि रडूच आलं. छत्तीस म्हणजे काय वय झालं? कारकून घाबरला. पाणी आणून दिलं बिचाऱ्याने. पाणीच!

२७ मार्च

धाकट्या मामांना सांगितलं. 'विषमज्वर' तीनदा ओरडावं लागलं. मग — "पण आईने मला कुशीत घेऊन सांगितलं होतं गं. म्हणाली, हे फक्त तुला सांगतेय, त्या दोघांना सांगू नकोस, घाबरतील."

मला काहीतरी टोचलं. "मामा, तुम्ही तेव्हा सायकल चालवायचात?"

"चालवायचो? पळवायचो! पोस्टमनची, पेपरवाल्याची. पाय पुरायचे नाहीत, उतारावर द्यायचो सोडून!"

"आणि थोरले मामा?"

"दादा? माकड नुसता! पाण्याच्या टाकीवर चढून बसायचा."

"आणि आई?"

"ताई घरात असायची कुठे? कायम नदीत!"

म्हणजे ज्याला ज्याचा नाद, त्याला आजीने तेच मरण सांगितलं! मामा पलीकडून हॅलो हॅलो करत होते.

२८ मार्च

आईला सगळं सांगितलं. चिडली. चांगलीच चिडली. "म्हणजे मी जन्मभर उगाच भ्यायले? मला पोहता येत होतं गं! या काठाची त्या काठाला जायचे मी!"

चोपन्न वर्षांत मला हे ठाऊक नव्हतं.

संध्याकाळी आपणहून बोलली. आजी दवाखान्याच्या धोबीखान्यात कामाला लागली होती. सकाळी जायची ती दिवेलागणीला यायची, आणि ही तीन कार्टी दिवसभर मोकाट. "राखणीला माणूस कुठून आणणार होती ती? गेलेल्या बाबांनाच बसवलं राखणीला." मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. "लबाड बाई! पण तिघंही ऐंशीच्या पुढे गेलो की नाही?"

मी तिच्या मांडीवर डोकं ठेवलं. किती वर्षांनी! आजीचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

४ एप्रिल

पोहले! म्हणजे बुडाले नाही. आई सोबत आली. काठावर बसून पाय पाण्यात सोडले, आधी अंगठा, मग घोटे. शिकवणाऱ्या मुलीला तोंड उघडू देईना. "पाय सरळ ठेव गं! दगड आहेस का?" निघताना म्हणाली, "माझ्या मापाचा मिळतो का तो पोशाख?"

६ एप्रिल

मामेभाऊ शिडीवर. वहिनींनी फोटो पाठवलाय. डोळे घट्ट मिटलेले, पण पंखा चकचकीत!

९ एप्रिल

लेकीचा फोन. मोटारसायकल घेतेय. घाटातल्या रस्त्यांवर एकटीच भटकणार म्हणे. "आई, आता तू नाही म्हणू नकोस."

आईने टीव्हीचा आवाज बारीक केला. मी दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "बाळा, हे फक्त तुला सांगतेय हं. तुझे पणजोबा कशाने गेले, ठाऊक आहे का?"