कोंबडी गावाहून परत आली

पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर
बुधवार

प्रिय दिगंबरराव यांस नमस्कार,

मी खुशाल आहे. गुडघाही फारशी कुरकुर करत नाही. तुम्ही बीपीची गोळी वेळेवर घेता ना?

आपले व्याही वारले तेव्हा ओवी शाळेत होती, हे तुम्हाला ठाऊकच आहे. पण पोरीला कुणी खरं सांगितलंच नव्हतं! म्हणे, "आबा गावाला गेले." तेव्हापासून आबांनी आणलेली कोंबडी ती क्षणभर सोडत नव्हती. शाळा बंद, झोपही कोंबडीला कुशीत घेऊन. मग तिच्या आत्यानं अक्कल चालवली. कोंबडी गुपचूप वेरूळला पाठवली आणि सांगितलं, "गावाला गेली." ओवीनं जेवणच टाकलं.

मी आल्या आल्या जावयांना गाडी काढायला लावली आणि कोंबडी परत आणली. ओवी हसली आणि लगेच म्हणाली, "आजी, मग आबा कधी येणार गावाहून?"

सगळी शिकलेली माणसं, पण एकेक जण काहीतरी काम काढून उठून गेला. शेवटी मीच तिला मांडीवर घेतलं आणि आबा वारले, आता येणार नाहीत, असं सांगितलं. खूप रडली. मीही थोडी.

आज ती शाळेत गेली. जाताना कोंबडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "मी येईस्तोवर तू कुठंच जाऊ नको." म्हणून शुक्रवारचं तिकीट रद्द केलं आहे. तुम्ही आता कुकर लावायला शिका.

कोंबडी सांभाळत बसलेली,
तुमची सुलभा